आमची वाटचाल : जिन्याचा दिवा खालूनही, वरूनही

सिडकोने नवीन नाशिकमध्ये बांधलेली घरं मुळात लहान. कुटुंब वाढलं की लोक स्लॅबवर एक मजला चढवायचे, काही वर्षांनी दुसरा. आमच्या फर्मला सुरुवातीची बरीचशी कामं अशाच घरांनी दिली, आणि प्रत्येक घरात एक मागणी ठरलेली असायची : जिन्याचा दिवा खालून लावता आला पाहिजे आणि वर पोचल्यावर बंदही करता आला पाहिजे.

मी सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. जिना वायरिंग, गोडाऊन वायरिंग ही प्रॅक्टिकलं लाकडी बोर्डावर करून सगळेच बाहेर पडतात. पुढे अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, मग एका ठेकेदाराच्या हाताखाली. स्वतःचं लायसन्स मिळाल्यावर धाकट्या भावाला बरोबर घेऊन फर्म सुरू केली. फॅन-ट्यूबची कामं कुणीही करत होतं. जिन्याची वायरिंग नीट करणारे म्हणून लोक आम्हाला बोलवायला लागले, आणि फर्म त्यावरच उभी राहिली.

काम तसं सरळ आहे. दोन टू-वे स्विच घ्यायचे. प्रत्येकाला तीन टोकं, त्यातलं एक सामाईक, म्हणजे कॉमन. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, पहिल्या स्विचच्या कॉमनला द्यायचा, दुसऱ्या स्विचच्या कॉमनवरून दिव्याला न्यायचा, आणि दोन्ही स्विचची उरलेली टोकं दोन वायरींनी एकमेकांना जोडायची. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, थेट दिव्याला, मध्ये कुठे तोडायचा नाही. तिसरं ठिकाण आलं की मध्ये इंटरमीजिएट स्विच लागतो. त्याला चार टोकं असतात. एका स्थितीत तो दोन्ही वायरी सरळ पुढे सोडतो, दुसऱ्या स्थितीत त्यांची अदलाबदल करतो. मजले कितीही वाढोत, पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणी टू-वे, मधल्या प्रत्येक ठिकाणी इंटरमीजिएट.

तेव्हा इंटरमीजिएट स्विच दुकानात सहज मिळत नसे. म्हणून बहुतेक वायरमन प्रत्येक जिन्याचा दिवा वेगळा करत आणि मधल्या मजल्यावर दोन स्विच देत, एक खालच्या दिव्याचा, एक वरच्या. ही पद्धत चुकीची नाही. साठ वॉटचे बल्ब होते तेव्हा आम्हीही तीच सुचवायचो, कारण तीन दिवे एकदम म्हणजे 180 वॉट. आज 9 वॉटचे तीन एलईडी मिळून 27 वॉट होतात. त्यामुळे आता आमचा सल्ला स्पष्ट आहे : घरात म्हातारी माणसं असतील तर एका स्विचवर सगळा जिना उजळू द्या. अंधारात दोन स्विचमधला नेमका कोणता, हे शोधायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

सगळ्यात जास्त डोकं आमचं उसन्या न्यूट्रलने खाल्लं. वरचा मजला भावाचा किंवा भाडेकरूचा, त्याचं मीटर वेगळं. जिन्याचा दिवा मात्र एकच. मग कुणीतरी खालच्या बोर्डातून फेज घेतो आणि दिवा वर आहे म्हणून न्यूट्रल वरच्या बोर्डातून. दिवा व्यवस्थित लागतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. पण वरच्या मजल्याचा मेन बंद करून तिथे कुणी काम करायला बसलं, की खालचा फेज दिव्यातून फिरून वरच्या तुटलेल्या न्यूट्रलवर येतो. मेन बंद, आणि काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीला हात लावला तर शॉक. आयुष्यभर काळी वायर म्हणजे निर्धोक असं शिकलेल्या माणसाला हे कळणार कसं?

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारे स्विच, घरोघरी बसायला लागले तेव्हा ही जुनी जोडणी उघडी पडू लागली. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच पाहतो. घरगुती आरसीसीबीला 30 मिलिअँपिअरचा फरकही चालत नाही. 9 वॉटचा एलईडीसुद्धा सुमारे 40 मिलिअँपिअर ओढतो. त्यामुळे फेज एका आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परतला, की जिन्याचा दिवा लावताक्षणी घर अंधारात. लोक म्हणायचे आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका. आम्ही तो कधीच काढला नाही. जिन्यासाठी फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटमधून नव्याने ओढून दिले. त्यासाठी पुन्हा भिंत फोडावी लागली तर तेही घरमालकाला समजावून सांगितलं. या कामात पैसा थोडा, वेळ फार. पण याच कामांनी आम्हाला गंगापूर रोडचे बंगले मिळवून दिले.

आणखी एक जोडणी आम्ही कुठेही दिसली की बदलतो. वायर वाचवण्यासाठी दोन्ही स्विचना जवळचा फेज-न्यूट्रल द्यायचा आणि दिवा दोन्ही कॉमनच्या मध्ये अडकवायचा. दोन्ही स्विच फेजकडे असतील तर दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना 230 व्होल्ट असतात. बल्ब बदलायला शिडीवर चढलेल्या माणसाचा जीव त्या वाचवलेल्या वायरीपेक्षा स्वस्त नाही.

लोडशेडिंगच्या वर्षांत इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी जिन्याचाच दिवा घेतला जायचा. 2015 नंतर सरकारच्या उजाला योजनेचे एलईडी बल्ब घरोघरी आले आणि तक्रार बदलली : स्विच बंद, तरी दिवा मंद पेटतो. टू-वे जोडणीत दोन स्विचमधल्या दोन वायरींपैकी एकीवर फेज कायम असतो. दोघी एकाच पाइपातून लांबवर शेजारी धावतात, त्यामुळे मोकळ्या वायरीवरही थोडा विजेचा दाब उतरतो. जुना बल्ब त्याने पेटत नव्हता, एलईडीला तेवढंही पुरतं. कधी बल्बचा मेक बदलून भागतं, कधी हा उतरलेला दाब जिरवणारा छोटा स्नबर दिव्याला समांतर लावावा लागतो.

स्विच कुठे बसवायचा हे आम्हाला एका निवृत्त शिक्षिकेने शिकवलं. एक हात कठड्याला धरलेला असतो, म्हणून बोर्ड भिंतीच्या बाजूला आणि पहिल्या पायरीच्या अलीकडे हवा, एक पायरी चढून मग हात लावण्याजोगा नको, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून भिंतीत झिरी मारण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला जिना चढायला लावतो आणि हात जिथे जाईल तिथे खडूने खूण करतो.

आता भाचाही आयटीआय करून आमच्यात आला आहे. नव्या मुलांना पहिला नियम वायरीच्या रंगांचा : लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, आणि दोन स्विचमधल्या वायरी पिवळी-निळी. तिथे काळी वायर आम्ही वापरू देत नाही. चार-पाच मजल्यांना लॅचिंग रिले, म्हणजे दर दाबाला दिवा चालू-बंद करणारा स्विच, आणि तो दाबायला बेलसारखी बटणं, म्हणजे बेल पुश, देतो. मग कितीही ठिकाणी पुश वाढवता येतात. मोशन सेन्सर मागणारेही आहेत, पण मी तो स्विचच्या जोडीने देतो, स्विचऐवजी नाही.

सध्या पाथर्डी फाट्याजवळ एका तीन मजली घराचं काम चालू आहे. स्लॅब ओतायचा आहे, म्हणून जिन्याचे पाइप आधी टाकून घेतोय, प्रत्येक मजल्याच्या बोर्डापर्यंत न्यूट्रलसाठी जागा ठेवून. उद्या मालकांना स्मार्ट स्विच बसवावेसे वाटले, तर त्यांना तो लागेल.