उडालेल्या पत्र्याची भोकं

निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांत ज्या घरांची छपरं नेली, त्यांतल्या बहुतेकांच्या भिंती जागेवर उभ्या होत्या. मातीत बांधलेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जुनी भिंत, तिला साधी चीर नाही. आणि दोन-चार वर्षांपूर्वी घातलेला पत्रा शेजारच्या वाडीत फणसाला गुंडाळलेला. लोक म्हणत, वाराच तसा होता. होताच. ३ जून २०२० ला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. पण एकाच घराचा अर्धा भाग उडतो आणि अर्धा राहतो, तेव्हा नुसत्या वाऱ्याकडे बोट दाखवून भागत नाही.

माणगावात माझी बांधकामाची छोटी कामं चालतात. वादळानंतर फोन बंद, वीज बंद, म्हसळ्याच्या रस्त्यावर झाडांचा खच. कुठेतरी एखाद्या टेकाडावर रेंज मिळाली की रखडलेले मेसेज एकदम यायचे. त्यात विरारहून एकाचा होता. आई गावात एकटी आहे, छप्पर गेलंय, कोरोनाच्या टाळेबंदीत मला प्रवासाचा पास मिळत नाही, मिळाला तरी चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात राहावं लागेल, तुम्ही बघाल का? गाव दिवेआगरच्या बाजूचं. रस्ता मोकळा झाल्यावर माझ्याबरोबर नेहमी काम करणारे सुतार मिस्त्री आणि दोन गडी घेऊन मी गेलो.

घर नेहमीचं कोकणातलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, एका अंगाला देवघर आणि स्वयंपाकघर, मागे न्हाणी, आणि परसात बारा गुंठ्यांची नारळ-पोफळीची वाडी. पडवीला पत्रे, बाकी घराला मंगलोरी कौलं. ओटी आणि माजघरावर आभाळ दिसत होतं. देवघर आणि स्वयंपाकघरावरची कौलं काही ठिकाणी सरकली होती, बाकी छप्पर शाबूत. काकू, म्हणजे त्या विरारच्या मुलाची आई, स्वयंपाकघरात ताडपत्रीखाली राहत होत्या. भिजलेले तांदूळ सुपांतून, परातींतून, जिथे ऊन पडेल तिथे पसरले होते. वाडीकडे बघवत नव्हतं. पोफळी मधोमध मोडून पडलेल्या, माड मुळासकट उपटलेले.

गडी पडलेला माल आवरायला निघाले, त्यांना मी थांबवलं. वादळात गेलेल्या घराची पहिली काही तासांतली अवस्था फार मोलाची असते. एकदा पत्रे एका ढिगात आणि वासे दुसऱ्या ढिगात गेले की घर कसं गेलं हे सांगणारं काही उरत नाही. म्हणून मी आणि मिस्त्री आधी वाडीत गेलो आणि पत्रे उलटेपालटे करून त्यांची भोकं बघत बसलो.

भोकांवरून बरंच कळतं. भोक फाटून लांबट झालं असेल तर खिळा लाकडात राहिला आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून ओरबाडून निघाला. म्हणजे वॉशर लहान होतं किंवा नव्हतंच. भोक गोल, नीट असेल तर पत्रा खिळ्यासकट उपटला गेला. म्हणजे खिळ्याची लाकडातली पकड सुटली. इथे बहुतेक भोकं गोल होती. काही पत्र्यांना खिळे तसेच लटकत होते, सरळच्या सरळ, वाकलेले नाहीत. नुसता गुळगुळीत खिळा, उभा ठोकलेला. वरून खाली दाबणारं वजन तो कितीही पेलेल, खालून वर ओढलं की सुटतो.

आणि वादळात छप्पर वरच ओढलं जातं, हे आपल्याकडे मनावर ठसलेलं नाही. पावसाचा, माकडांचा, चढणाऱ्या माणसाचा भार आपण धरतो, तो सगळा खाली जाणारा. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर खेचलं जातं. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास भरतो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेला जेमतेम चार-पाच किलो, कौलांचं चाळीसच्या पुढेमागे. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहूनही जास्त. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बरं, हा वारा पुस्तकाबाहेरचाही नव्हता. वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, ८७५ क्रमांकाचं, त्याच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर वेग धरायला सांगितलाय. म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. निसर्गचे झोत त्याच्या आतलेच होते. हे मला आजही अस्वस्थ करतं.

मी काकूंना विचारलं, आधी काय गेलं? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी वारा डोंगराकडून होता रे. तेव्हा नुसती कौलं वाजत होती. मग फिरला नि समुद्राकडून आला. पडवी धडधडायला लागली. मी दाराला आतून पाटा लावला होता, तो सरकला, दार उघडलं, आणि घर असं फुगलं बघ. फुग्यासारखं. मी देवघरात पळाले."

यापेक्षा चांगला अहवाल मी वाचलेला नाही. पडवी तीन बाजूंनी उघडी. वारा तिच्या पोटात शिरला, पत्रे उचलले. पडवीचे वासे मुख्य घराच्या वाशांना जोडून, त्यांवरच ठोकलेले होते. पडवी जाताना तिने ओटीची वळचण सोबत ओढली. तिथून कौलं सुटली, तेवढ्यात दार गेलं, आणि आत शिरलेल्या वाऱ्याने उरलेलं छप्पर आतून ढकललं. वरून खेच, खालून रेटा.

पण मग देवघरावरचं का राहिलं? मिस्त्री शिडी लावून वर गेले आणि वरूनच मला हाक मारली. तिथला प्रत्येक वासा भिंतीच्या माथ्यावर आडव्या ठेवलेल्या लाकडाला, तुळईला, खाच पाडून बसवला होता, त्यात आरपार लाकडी खुंटी, खुंटीला पाचर. आणि तुळई भिंतीवर नुसती ठेवलेली नव्हती. दर काही हातांवर काथ्याची जाड दोरी तुळईवरून घेऊन भिंतीतल्या भोकातून आरपार ओवली होती. दोरी काळी पडली होती, पण तुटली नव्हती. ओटी-माजघराचं छप्पर पुढे कधीतरी नवं केलं तेव्हा लाकूड नवं आलं, खिळे आले, आणि हे बांधणं गेलं. मिस्त्री खाली उतरले ते हात जोडूनच. "साहेब, हे ज्याने केलं त्याला वारा माहीत होता."

आता पुढचं ठरवायचं होतं आणि पाऊस दारात होता. मुलाशी बोलायला टेकाडावर जावं लागलं. त्याचं म्हणणं एकच, "सर, कर्ज काढतो, पण स्लॅबच टाका. आईला पुन्हा असं नको." त्याच्या जागी मीही असंच म्हटलं असतं. पण पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मातीत बांधलेल्या, नुकत्याच भिजलेल्या भिंतींवर ते मी ठेवू शकत नव्हतो. स्लॅब हवा तर पाया, खांब, सगळं नव्याने, म्हणजे पावसाळाभर आई कुठे राहणार? त्याला हे पटायला वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "आईला विचारा." काकूंनी एका वाक्यात निकाल दिला: "माझ्या डोक्यावर चतुर्थीच्या आत कौल हवं."

मालाची टंचाई होती. पत्र्यांचे भाव चढलेले, कौलं मिळेनात, लाकडाच्या वखारी टाळेबंदीत. सुतार मिस्त्रींनी वाडीकडे बघितलं, मग काकूंकडे. मला ते विचारवलं नसतं, त्यांनी विचारलं. "काकी, पडलेले माड घेऊ का?" जुन्या माडाच्या बुंध्याचा बाहेरचा भाग फार घट्ट असतो, वासे उत्तम होतात; आतला गाभा मऊ, तो काढून टाकायचा. जून पोफळ उभी फोडली की रिपा, म्हणजे वाशांवर कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या, होतात. काकू कोयता घेऊन स्वतः पुढे झाल्या आणि एकेका झाडाला हात लावत सांगत गेल्या: हा घ्या, हा घ्या, ह्याला हात लावू नका, ह्याची मुळं एका बाजूने जमिनीत आहेत, हा उभा राहील. काही माडांपाशी त्या थांबायच्या. ते त्यांच्या यजमानांनी लावलेले होते. त्या दिवशी करवतीचा आवाज संध्याकाळपर्यंत चालला आणि काकू एकदाही घरात गेल्या नाहीत. कललेले तीन-चार लहान माड गड्यांनी दोरांनी ओढून, टेकू देऊन उभे केले.

छपराचं काम आम्ही जुन्याच रीतीने केलं, दोरीच्या जागी लोखंड घेऊन. तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी तुळईवरून वळवून भिंतीच्या दोन्ही अंगांनी खाली आणायची, आणि माथ्यापासून तीन फुटांवर भिंतीतून आरपार बोल्ट घालून आवळायची. हिशेब सोपा आहे. पंधरा इंची चिऱ्याची भिंत एक मीटर लांब आणि एक मीटर उंच घेतली तर तिचं वजन सातशे किलोच्या आसपास येतं. सहा मीटर रुंदीच्या घरात एका बाजूच्या भिंतीवर मीटरमागे वर ओढणारा जोर कडांचं वाढीव धरूनही याहून बराच कमी असतो, आणि कौलांचं वजन त्यातून वजा. म्हणजे छप्पर धरून ठेवायला लागणारं वजन घरातच उभं होतं. वीज नव्हती, पण चिरा मऊ दगड, छिन्नी-हातोड्याने भोकं पडली. लाकडाला गिरमिट होतंच. पट्ट्या माणगावला जनरेटरवर वाकवून आणल्या. वासे तुळईला बोल्टने, रिपा वाशांना खिळ्यांऐवजी स्क्रूने. कौलं बरीचशी वाडीतून आणि अंगणातून निवडली, उरलेली पडक्या गोठ्याची. वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतच्या ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधली. बाहेर आलेली लांब वळचण कमी केली. काकूंना ते आवडलं नाही, पागोळ्या भिंतीजवळ पडणार म्हणून. त्यांची तक्रार खरी होती, म्हणून भिंतीच्या पायथ्याशी चिऱ्यांचा उतार करून दिला.

पडवी मात्र मुद्दाम वेगळी केली. तिचे वासे मुख्य छपराला कुठेही जोडले नाहीत; भिंतीलगत स्वतंत्र आडवं लाकूड, स्वतंत्र खांब, पत्र्यांना जे-बोल्ट, म्हणजे इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट, आणि रुंद वॉशर, कडेच्या ओळीत दुप्पट. फार मोठं वादळ आलं तर पडवी जाईल, पण एकटी जाईल.

पंचनामा झाला तेव्हा मी तिथे होतो. सरकारने त्या वेळी नेहमीच्या निकषांपेक्षा मदत वाढवली होती: पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, अंशतः पडलेल्याला १५ हजारांपासून पुढे, बागायतीला हेक्टरी ५० हजार. वाढवली हे चांगलंच झालं. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. बारा गुंठ्यांच्या वाडीचे होतात सहा हजारांच्या आसपास. माड लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षं, पोफळही तशीच. भिंती उभ्या राहिल्या म्हणून घर 'अंशतः'. छप्पर नसलेल्या घरात जुलै काढायचा म्हणजे काय, याला त्या कागदावर रकाना नाही. मुलाने विरारला उसनवारी करून बाकीचे पाठवले. पट्ट्या, बोल्ट, वॉशर आणि स्क्रू यांचा सगळा खर्च छपराच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता, आणि नेमका तोच बहुतेक लोक वाचवतात. पत्रा जाड घेतात, रंगीत घेतात, आणि त्याला तोच गुळगुळीत खिळा मारतात.

छप्पर चतुर्थीच्या बरंच आधी पुरं झालं. वीज त्यानंतरही आली नव्हती. दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर, ओटी-माजघराच्या भिंतींच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओतला आणि तुळया त्यात जखडल्या. पावसात ते करता आलं नसतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर गेलं. आमच्याकडे ते जमिनीवर चढलं नाही, त्यामुळे त्यावरून छपराची परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. काकूंनी रेंज आल्यावर कळवलं, "पडवीचे दोन पत्रे वाजत होते, घर हललं नाही." मी जाऊन बघितलं तर जे-बोल्टांची वॉशरं खाऱ्या हवेने खाल्ली होती. ती बदलली, पट्ट्यांना पुन्हा रेड ऑक्साइड मारला, नट आवळले. किनाऱ्यावर हे दरवर्षी लागतं. मे महिन्यात, कौलं चाळायला माणूस वर चढतो त्याच दिवशी त्याच्या हातात पाना द्यायचा: कडेची ओळ आधी, मग कोपरे, मग आढं. जिथे नट फिरतच नाही तिथे बोल्ट गंजलाय असं धरून तो बदलायचा. आणि पडवीचे वासे घराच्या वाशांना ठोकलेले असतील तर ते त्याच दिवशी सोडवून घ्यायचे.