एमसीबी आहे ना, मग कशाला घाबरायचं?

बांधकामाच्या साइटवर वायरिंगबद्दल काही बोललं की हमखास हेच ऐकायला मिळतं, अहो एमसीबी आहे ना, ट्रिप होईल की. आणि इथेच सगळी गडबड आहे. एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा (ट्रिप होणारा) बोर्डातला स्विच, असतो वायर जळू नये म्हणून, माणसासाठी नाही. 16 अँपिअरचा एमसीबी त्याच्या वर लोड गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाचं हृदय बंद पडायला 50 ते 100 मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा खूप झाला. त्याच्याही आधी, 10-15 मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेलं मशीन सोडवत नाही, लोक म्हणतात करंटने ओढून घेतलं, खरं तर आपलीच मूठ उघडत नसते.

त्यात बांधकाम म्हणजे सगळीकडे पाणी, ओला स्लॅब, घामेजलेले हात. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो, 230 व्होल्टला त्याने भागून बघा, 230 मिलिअँपिअर! एमसीबीला पत्ताही लागत नाही.

तिथे आरसीसीबीच, म्हणजे करंटचं लीकेज पकडणारा स्विचच पाहिजे, तोही 30 मिलिअँपिअरचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का हे तो बघतो, फरक दिसला की लगेच सप्लाय बंद. 300 मिलिअँपिअरवाला लावून मोकळे होणारे पण असतात, तो आग लागू नये म्हणून ठीक आहे, माणसासाठी नाही. आणि सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास करणाऱ्यांना तर काय बोलावं, अरे कुठेतरी लीकेज आहे हेच तो सांगतोय ना! टेपने गुंडाळलेला जॉइंट पाण्यात पडलाय का, मशीनची अर्थिंगची वायर तुटलीय का, ते आधी बघा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण पण दाबा.

हा, वरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनपुढे मात्र तुमच्या बोर्डातला आरसीसीबी काहीच करू शकत नाही. सळई उभी करून वर चढवताना किंवा अॅल्युमिनियमची शिडी हलवताना लोक खाली पायाकडे बघतात, वर कोणी बघत नाही, आणि तिथे तर तारेला टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी करंट उडी मारतो. निदान 3 मीटर लांब, आणि जास्त व्होल्टेज असेल तर त्याहून लांब.

कोणी बोर्डाच्या सप्लायला चिकटलाच तर आधी मेन स्विच बंद, मग हात लावायचा. आणि उठून बसला, बोलायला लागला म्हणून परत कामाला लावू नका, ठोके नंतरही बिघडू शकतात, सरळ दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.