शिंगाड्याचं पीठ घरी करताना

उपवासाला शिंगाड्याचं पीठ लागतंच, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात शिंगाडा तर घरचाच. पाकिटं कशाला आणायची, म्हणून यंदा कार्तिकात साकोलीकडच्या एका तलावावर गेले. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, इथल्या जमीनदारांच्या ताब्यातला, जुन्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. ढिवर कुटुंबं त्यात मासे धरतात, शिंगाडाही लावतात. पावसाळ्याच्या तोंडाशी रोपं चिखलात रोवायची, पानं खाणाऱ्या भुंग्यांवर नजर ठेवायची, आणि पुढे थंडीत कमरेभर पाण्यात उभं राहून वेल उलटवत, काटे सांभाळत एकेक फळ तोडायचं.

मी पाच किलो घेतले. "तुम्हीच वाळवून का विकत नाही? भाव तर त्यालाच आहे," शिंगाडे देणाऱ्या ढिवर मावशींना मी विचारलं.

"वाळवत बसलो त तवर खाऊ काय, बाई? ओला गेला का पैसा हातात."

घरी आल्यावर आधी चोळून धुतले. तलावातला शिंगाडा तसाच दातांनी सोलू नये, सालीवरून जंत पोटात जातात. निम्मे उकडले, निम्मे कच्चेच सोलले. कच्च्याची साल चिवट. सुरी घसरते, बोटं काळी पडतात आणि तो रंग साबणानं जात नाही. उकडलेले भराभर सुटले, पण वाळल्यावर तपकिरी आणि दगडासारखे. कच्च्यांच्या चकत्या मात्र उन्हात पांढऱ्याशुभ्र, मोडल्या की कडकन आवाज. सगळं मिळून किलोभरही भरलं नाही!

गिरणीवाला आधी नाहीच म्हणाला. गव्हाच्या पिठात उपवासाचं दळण कसं चालेल? एकादशीच्या आदल्या दिवशी तो गिरणी साफ करून राजगिरा लावतो, त्याच्या मागे माझं लागलं. उकडलेले तुकडे त्याआधी खलबत्त्यात फोडावे लागले.

या पिठात ग्लूटेन नसतं, म्हणून गहू न चालणाऱ्यांनाही ते चालतं. पण त्यामुळेच थालीपीठ थापताना मोडतं. उकडलेला बटाटा मिसळला की जमतं. वाटीभर तूप-साखर ओतलेल्या शिऱ्याला कुणी पौष्टिक म्हणू नये, एवढं माझं मत.

पुढच्या हंगामासाठी मावशींना सोललेल्या, वाळवलेल्या शिंगाड्याचा भाव विचारला. थोडे पैसे आगाऊ देते म्हटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "देतो. पण सोलायची मजुरी अलग लागंन."