लेगबायचा ताळा

आझाद मैदानाच्या मधून जी पायवाट जाते, तिच्यावरून भर दुपारी चालणाऱ्याला एका वेळी सात-आठ सामने दिसतात आणि एकही धड दिसत नाही. २२ खेळपट्ट्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. या सामन्याचा पॉइंट त्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. चेंडू कुठून आला हे कळायच्या आत कुणीतरी ‘बॉल, थँक्यू!’ म्हणून ओरडतो. या गदारोळाच्या एका कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, डुगडुगत्या टेबलाशी दोन माणसं बसलेली असतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही चेंडू न सोडता सामना पाहणारी तीच दोघं, आणि नेमक्या त्यांच्याच माना खाली.

क्रिकेटवेड्यांच्या तऱ्हा पुष्कळ. चांगली भागीदारी चालू असताना खुर्चीवरून न उठणारे असतात, शेवटचं षटक बाल्कनीत जाऊन न बघणारे असतात. पण चेंडू न् चेंडू कागदावर उतरवून घेणाऱ्याचं, म्हणजे स्कोअररचं, वेड वेगळंच. चौकार गेला की सगळे टाळ्या वाजवतात. हा गृहस्थ त्या वेळी तीन ठिकाणी लिहीत असतो.

तीन ठिकाणी, कारण स्कोअरबुकात प्रत्येक धाव तीनदा जन्म घेते. एकदा फलंदाजाच्या ओळीत, एकदा गोलंदाजाच्या षटकाच्या चौकोनात, आणि एकदा खाली छापलेल्या १, २, ३, ४ च्या लांबलचक पट्टीवर, जिथे झालेल्या आकड्यावर तिरपी रेघ मारत पुढे जायचं असतं. गडी बाद झाला की पट्टीवरचा तोच आकडा ‘गडी बाद होण्याचा क्रम’ या रकान्यात जातो. चेंडू पडून पुढचा पडेपर्यंत अर्ध्या मिनिटाची सवड. तेवढ्यात हे सगळं उरकून, पंचाने खूण केली असेल तर हात वर करून ‘पाहिली’ असं कळवायचं. नियमच आहे तो. एका चेंडूवर दोन खुणा झाल्या तर दोनदा हात वर. शेजारच्या सामन्याच्या पंचाला चुकून हात दाखवणारे स्कोअरर आझाद मैदानात नवे नाहीत.

खुणांची लिपी आता बहुतेक सगळीकडे सारखीच. धाव नाही म्हणजे ठिपका. वाईडला अधिक चिन्ह. वाईडवर पळून धाव काढली तर त्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक ठिपका, आणि वाईड थेट सीमेपार गेला तर चारही कोपऱ्यांत चार. म्हणजे पाच वाईड, पण चेंडू मोजायचा नाही. नोबॉलला वर्तुळ; त्याच्यावर चौकार मारला तर वर्तुळात ४, पैकी चार फलंदाजाचे आणि गोलंदाजाच्या माथी पाच. बायला (चेंडू बॅटला वा अंगाला न लागता निघालेली धाव) त्रिकोण, लेगबायला (बॅटला न लागता पॅडला वा अंगाला लागून निघालेली धाव) उलटा त्रिकोण. षटक निर्धाव गेलं की सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात बळी असेल तर डब्ल्यू. हे जोडकाम दिसायला क्षुल्लक, पण ती एकमेव खूण आहे जी स्कोअरर चवीने काढतो.

भारताचे फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी यांचं १९६४ च्या जानेवारीतलं मद्रासचं पृथक्करण म्हणूनच डोळ्यांपुढे आणावं ते कागदावर. इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. त्यातली २१ षटकं ओळीने निर्धाव. मैदानावर बसलेल्यांना त्या दुपारी जांभया आल्या असतील. पण लिहिणाऱ्याच्या कागदावर एमला एम लागून तोरण तयार झालं असणार. प्रेक्षकाचा कंटाळा आणि स्कोअररचा आनंद यांचं गणित असं उलटं आहे. गावसकरांनी १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या, तेव्हा लोक वैतागले ते ठीकच. पण ठिपकेही मांडणाऱ्या पद्धतीत ती खेळी छापील ओळीत मावणं अवघडच. त्याबद्दल कुणी सहानुभूती दाखवली नाही.

रेडिओच्या काळात हे वेड घरोघरी होतं. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री चालू, आणि समोर गणिताची चौकटीची वही. घरगुती स्कोअररला संपूर्ण पुस्तक झेपत नाही. तो फलंदाजांच्या अकरा ओळी आखतो, खाली दहा-दहाच्या ओळींत ४०० पर्यंत आकडे लिहून ठेवतो, आणि गोलंदाजांची फक्त षटकाची बेरीज धरतो. अडचण एकच : स्टेशन खरखरलं किंवा कॉमेंट्रीवाले आभाळाचं वर्णन करायला लागले की मधली एकेरी धाव हरवते. षटकाच्या शेवटी एकूण धावसंख्या कळते, तेव्हा एक जास्त भरते. ती कुणाची? मग पेन्सिलीने दोघांच्याही ओळीत प्रश्नचिन्ह, आणि उद्या सकाळी पेपर आला की ‘झे.’ (झेल) आणि ‘गो.’च्या (गोलंदाज) त्या बारीक टायपातून निवाडा. त्या वह्यांचा पुढे काही उपयोग झाला का? नाही. रद्दीत गेल्या.

डाव संपला की खरी परीक्षा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर (वाईड, नोबॉल, बाय, लेगबायच्या, म्हणजे कुणाच्याच बॅटच्या नसलेल्या धावा), हा झाला एक आकडा. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय, हा दुसरा. (दंडाच्या पाच धावा कधी मिळाल्या असतील तर त्याही इथेच, कारण त्या कुठल्याच गोलंदाजाच्या नसतात.) दोन्ही आकडे पट्टीवरच्या शेवटच्या रेघेशी जुळले पाहिजेत. चेंडूंचाही ताळा असतो : फलंदाजांनी खेळलेले सगळे चेंडू म्हणजे गोलंदाजांचे वैध चेंडू अधिक नोबॉल. पूर्ण २० षटकांत तीन नोबॉल पडले असतील तर १२३. नोबॉल फलंदाजाने खेळलेला धरतात, वाईड धरत नाहीत. नवखा माणूस इथे हमखास गडबडतो. जुनं स्कोअरकार्ड घेऊन हाच ताळा करायला बसलात तर मात्र जुळणार नाही, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाईड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर टाकतच नसत. आणि नोबॉलवर पायाला लागून काढलेल्या धावा २०१७ च्या नियमांपासून लेगबाय झाल्या. त्याआधी त्या सगळ्या नोबॉलच्याच, म्हणजे गोलंदाजाच्या बोकांडी.

ताळा चुकला तर शोधायचं कसं? एकाचा फरक असेल तर आधी बाय-लेगबाय पाहा. बाय अवांतरात टाकला पण गोलंदाजाच्या चौकोनात ठिपक्याऐवजी १ लिहिला गेला, हे नव्वद टक्के वेळा निघतं (हा टक्का माझा, कुणी मोजलेला नाही). चाराचा फरक असेल तर चौकार एकीकडे लिहायचा राहिला. दहाचा असेल तर बेरजेतला हातचा. आणि षटकागणिक दोन्ही स्कोअररनी एकमेकांना एकूण धावा, बळी आणि त्या गोलंदाजाच्या धावा विचारून घेतल्या असतील तर शोध एका षटकापुरता राहतो. न विचारणारे दोघे भेटले की डावाअखेर कोर्टकचेरी. षटकात चेंडू पाचच पडले म्हणून मात्र भांडू नये. पंचाने मोजलं ते षटक. चूक असली तरी तेच कायम, असं नियमातच लिहिलंय.

पण या साऱ्या ताळ्यांना चकवणारी एक चूक आहे, आणि तिच्यावर औषध नाही. चेंडू पॅडला लागून एक धाव निघाली. पंचाने पाय उचलून गुडघ्याला हात लावायचा कंटाळा केला. खूण नाही म्हणजे धाव फलंदाजाची. त्याच्या ओळीत १, गोलंदाजाला १, पट्टीवर १. सगळं जुळतं! बेरीज बरोबर, सामना बरोबर, फक्त घडलेली गोष्ट चूक. गोलंदाजाला खायला लागलेली ती धाव त्याने दिलेलीच नसते. दुसरी तशीच : धाव खरी, पण लिहिली जोडीदाराच्या नावावर. दोघेही हेल्मेटात, दोघांचे पांढरे कपडे, षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एकेरी धाव आणि मग स्ट्राइक कुणाकडे याचा गोंधळ. त्यासाठी मुरलेले स्कोअरर फलंदाज आत येतानाच समासात टिपतात : ‘निळे ग्लोव्हज’, ‘डावरा’, ‘बुटका, बॅटला लाल स्टिकर’. काही जण प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं पेन वापरतात. मग फलंदाजाच्या ओळीतली कुठली धाव कुणाच्या चेंडूवर आली ते रंगावरूनच दिसतं आणि चुकलेली धाव परत घरी आणता येते. झेल उडाला तर दोघा फलंदाजांनी धावताना एकमेकांना ओलांडलं की नाही हेही पूर्वी बघून ठेवावं लागे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो, तेवढा ताप गेला.

फलंदाज बाद होऊन आला की पॅड सोडायच्या आधी टेबलापाशी येतो. ‘माझे किती?’ सत्तेचाळीस. ‘मी पन्नास मोजलेत.’ मग तो चौथ्या षटकातला लेगबाय बॅटला लागून गेला होता, आवाज सगळ्यांनी ऐकला, वगैरे. जे लेगबाय आपल्या नावावर चुकून जमा झालेत त्यांचा आवाज मात्र आजवर एकाही फलंदाजाने ऐकलेला नाही.

मोठ्या खेळ्यांत तर काय काय दडलेलं असेल. इंग्लंडात क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर १८९९ मध्ये १३ वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ केल्या. ‘६२८, वीस इकडे-तिकडे’ असं तिथला स्कोअरर म्हणाला, ही गोष्ट अजून सांगतात. तो इकडे-तिकडेचा विक्रम ११६ वर्षं टिकला आणि मोडला कल्याणात, २०१६ च्या जानेवारीत, प्रणव धनावडे या शाळकरी मुलाच्या नाबाद १००९ धावांनी. त्याच्या शाळेचा एकूण स्कोअर ३ बाद १४६५. छापील स्कोअरबुकातली पट्टी एवढी लांब नसते. समासात नाहीतर पुरवणीत जावं लागतं.

काही पानांना मात्र ताळ्याची गरजच नाही, नुसती वाचावीत. १९४३ च्या पंचरंगी, म्हणजे धर्मावार पाच संघांच्या, स्पर्धेची अंतिम लढत, ब्रेबोर्न स्टेडियम. ‘द रेस्ट’ (बाकीच्या समाजांचा संघ) सर्वबाद ३८७, त्यात विजय हजारे ३०९. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी, आणि त्यात विवेकचा वाटा २१. दोन ओळी एकाखाली एक : एक दाटून भरलेली, दुसरी जवळजवळ रिकामी. कुणी म्हणेल विवेकने काय केलं? तो उभा राहिला. पण उभं राहण्याला स्कोअरबुकात खूण नाही, ठिपकाच आहे.

आणि पुण्यातलं १९४८ च्या डिसेंबरातलं पान. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, ४ बाद ८२६, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीतल्या सर्वोच्च खेळीच्या, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला दहा धावांत मागे टाकता आलं असतं; दोन-तीन षटकांचं काम. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले : डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघालेच. पाहुणे स्टेशनवर गेल्यावर स्कोअररने काय करायचं? ‘नाबाद’ लिहून ओळ बंद. निंबाळकरांना कसोटीही कधी खेळायला मिळाली नाही.

मुंबईत १९४८ सालीच कांगा लीग सुरू झाली, ती भर पावसाळ्यात खेळायची. तिथे रंगीत पेनांची हौस मुकाट्याने सोडावी लागते. शाईपेन पसरतं, बॉलपेन दमट कागदावर उमटत नाही. शिसपेन्सिल तेवढी इमानदार. दोन टोक काढलेल्या, एक खोडरबर, चिमटा लावलेला पुठ्ठा आणि वर प्लास्टिक. सर आली की आधी पुस्तक झाकायचं, मग स्वतःला.

आता मोबाइलवर अ‍ॅप आलंय. एक बटण दाबलं की तिन्ही ठिकाणी धाव आपोआप जाते, त्यामुळे ताळा न जमण्याचा प्रश्नच मिटला. चुकलेली धावसुद्धा तिन्ही ठिकाणी बिनचूक जाते. मात्र एक झालं : पोराचा सामना ओव्हल मैदानावर आणि आई ठाण्याच्या ऑफिसात, टेबलाखाली फोन धरून त्याचे ठिपके मोजतेय. रेडिओपुढे वही घेऊन बसणाऱ्यांची ही थेट वारसदार. हिच्या हाती पेन्सिल नाही एवढंच.

टेबलावरची दोघं अजून आहेत. मोठ्या सामन्यांत एक पुस्तक सांभाळतो, दुसरा लॅपटॉप. त्यांची एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या तीच. डाव संपतो, तेव्हा खेळाडू आणि पंच सरळ जेवायला जातात. ही दोघं ताळा जमवायला बसतात. सुट्टी चाळीस मिनिटांची धरली तर त्यातली पंधरा एका हरवलेल्या लेगबायमागे जातात. तो सापडून तंबूत पोचेपर्यंत भात असतो, रस्सा संपलेला असतो. ताटलीत घेतलेला पहिला घास तोंडात जातोय तोच पॅड बांधलेला सलामीवीर येऊन विचारतो, ‘काका, किती करायचेत?’