बाळंत्यात गुंडाळलेलं

"अंघोळ आठवड्यातून एकदा पुरे," हेबामे म्हणाली, आणि तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

हेबामे म्हणजे इथली, जर्मनीतली सुईण. बाळ २६ नोव्हेंबरला झालं. घरी आलो तेव्हापासून ती रोज येत होती, आता एक दिवसाआड येते. बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलते, नाळ बघते, माझे टाके बघते, मला रडू आलं तर नुसती शेजारी बसून राहते. पैसे आरोग्य विम्यातून जातात. पहिल्याच भेटीत मला भरून आलं होतं. आमच्याकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जातात, तेही किती तुटपुंज्या मानधनावर, हे मी तिला आवर्जून सांगितलं.

पण अंघोळ! रोज पाणी लागलं की नवजात बाळाची कातडी कोरडी पडते, म्हणते. हिटरची कोरडी हवा, हॅम्बुर्गचा डिसेंबर, चार वाजता मावळणारा सूर्य, सगळं पटतं. तरी जीव मानत नाही. आजीनं माझ्या आईला आणि आईनं मला पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर पालथं घालून रोज न्हाऊ घातलं. नगरच्या थंडीतसुद्धा. मग धुरी, मग कानटोपडं, मग बाळ तीन-तीन तास गाढ. त्या बायका अडाणी नव्हत्या. बाळाचा सांधा न् सांधा त्यांच्या हातांना माहीत होता. हे सगळं मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तेल रोज लाव, पाणी नको. आता तेल रोज, अंघोळ आठवड्यातून दोनदा. आईला अजून बोललेले नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळाली नाही म्हणून ती जानेवारीत येतेय. तोवर बाळ मोठं झालेलं असेल, मग तिच्या हातानं रोज होईलच.

आईनं एका ओळखीच्यांबरोबर बाळंती पाठवली आहेत. आजीच्या लुगड्याची, बारा. धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालंय की बोटांना लागत नाही, आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास अजून गेलेला नाही.

बाळ चार दिवसांचं होतं तेव्हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार आला. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारात हिरव्या फांद्यांचं चक्र आणून ठेवलं, चार मेणबत्त्यांचं. ही रीत याच शहरातली. योहान हिन्रिख विखेर्न या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये इथल्या अनाथ, गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं रोज विचारायची. त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून. नगरला आमच्या घरी डिसेंबर म्हणजे चांदणी, करंज्या, रात्रीची कॅरोल. नुसतं थांबून वाट बघणं मी इथं शिकले. इथल्या गव्हाणीच्या देखाव्यात मरिया असते, योसेफ असतो, मेंढरं असतात. बाळाची जागा २४ तारखेपर्यंत रिकामी.

काल रात्री तीनला दूध पाजताना बायबलातला लूकचा दुसरा अध्याय काढला, येशूच्या जन्माचा. लहानपणापासून पाठ आहे. 'बाळंत्याने गुंडाळून' इथं आले आणि थांबले. मांडीवर तेच होतं. मेंढपाळांना देवदूत खूण सांगतो ती ना मुकुटाची, ना प्रकाशाची. बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजलेलं एक बालक, एवढीच. मार्टिन ल्यूथरनं भाषांतर केलेल्या जर्मन बायबलात त्या जागी 'विंडेल्न' आहे, आणि इथल्या दुकानात डायपरच्या पुड्यांवर आजही हाच शब्द असतो. ज्याची युगानुयुगं वाट पाहिली तो स्वतःची मानही न धरता येणारा होऊन आला, कुणीतरी उचलून घ्यावं लागेल असा. माझ्या बाळाची मान तळहातावर तोलताना मला त्याचं भय वाटलं, आणि इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून तो अध्याय पुन्हा वाचून दाखवला.

आज तिसरा रविवार. तिसरी मेणबत्ती लावलीय. आजीच्या लुगड्याची दोन बाळंती हिटरवर वाळत आहेत, तिसरं आत्ताच ओलं झालंय.