थांबवा, सर!

सिनेमा लावला की वर्गाची दिशा बदलते. एरवी मी मुलांकडे तोंड करून उभा, मुलं माझ्याकडे किंवा खिडकीबाहेर. दिवे मालवले की सगळे एकाच बाजूला बघतो. मास्तरांचा चेहरा दिसत नसला की शंकांना धीर येतो. अंधारात कुणी विचारलं तेही कळत नाही, म्हणून हसूही होत नाही.

आमचा एक अलिखित करार आहे: कुणीही, कधीही 'थांबवा' म्हणायचं. त्यामुळे दोन तासांच्या सिनेमाला आठवडा लागतो, आणि काही संपतच नाहीत. शेवट मुलं घरी बघतात. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

अगदी काटेकोर सिनेमांपेक्षा मला थोडे थापाडे सिनेमे आवडतात. 'द मार्शियन'मध्ये (२०१५) सुरुवातीलाच मंगळावर असं वादळ येतं की यान कलंडायला लागतं. "थांबवा, सर! तिथे एवढी हवा असते?" हवा असते, पण तिचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. मग खडू हातात घ्यावाच लागतो. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. तिथली हवा आपल्यापेक्षा साधारण साठपट विरळ धरली, तर ताशी १६० किलोमीटरचं वादळ आपल्याकडच्या ताशी वीसेक किलोमीटरच्या वाऱ्याएवढं लागेल.

"दोरीवरचे कपडे उडतील," एक मुलगी म्हणाली.

"नुसते हलतील," दुसरी.

मग चिमटे लावले होते की नाही, यावर वाद झाला. मूळ कादंबरीच्या लेखकानंही ही थाप जाणूनबुजून मारल्याचं सांगितलंय, हे ऐकून वर्ग जरा दुखावला. पण वादळ नसतं तर नायक मागे राहिलाच नसता, आणि गोष्टही घडली नसती. एवढ्यावर त्याला माफी मिळाली.

अवकाशातल्या स्फोटांच्या आवाजाबद्दल मी आता बोलतच नाही. धडाम् झालं की मुलंच 'आउट!' म्हणून ओरडतात.

'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) पाण्याच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ही मात्र थाप नाही. सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना आधी हे अशक्य वाटलं होतं. हिशेब केल्यावर दिसलं, की शेजारचं कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगानं फिरत असेल तर जमतं. (थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं, ते गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी.) तो हिशेब मला करता येत नाही, असं मी सांगून टाकलं. मुलं इतकी खूश झाली की मी जरा चिडलोच.

पण सगळ्यात जास्त वेळा परत लावायला लागते ती दोनेक मिनिटांची चित्रफीत. १९७१, अपोलो १५. डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदमच सोडतात. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकतात, कारण पिसाला अडवायला हवाच नाही. हे पुस्तकातही आहे, पाठही आहे. तरी बघताना कुणीतरी 'अय्या!' म्हणतंच.

यंदा मात्र एका मुलानं पीस सोडून भलतंच पकडलं. "कॅमेरा कोण फिरवतंय?"

चांद्रगाडीवरचा तो कॅमेरा पृथ्वीवरून फिरवला जायचा. आज्ञा तिथे पोचायला सुमारे १.३ सेकंद, चित्र परत यायला तेवढाच वेळ. म्हणजे पडद्यावर अंतराळवीर वळलेला दिसल्यावर कळ दाबून उपयोग नाही, तो आधीच पुढे गेलेला असणार. पुढे काय होईल ते ओळखूनच कॅमेरा हलवायचा. उरलेला तास आम्ही त्याच आकडेमोडीत घालवला. हातोडा, पीस आणि ठरलेला धडा तसाच राहिला.

"या माणसावर कुणी सिनेमा का काढला नाही?" त्या मुलानं जाताना विचारलं. पटकथेचं काम मी त्याच्याकडेच दिलंय. पहिला प्रसंग आलाय. त्यात मास्तर फार बोलतात, असं मी त्याला कळवलं आहे.