फौंड्रीत हाफ डे मंजूर करून घेतला त्याची गोष्ट (माझा अनुभव)

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) एचआर बघतो, म्हणजे मस्टर, पगार, ईएसआय, कँटीनची भांडणं सगळंच. एकदा एक जुना कामगार केबिनमध्ये आला, दार लावलं आणि म्हणाला साहेब एचआयव्ही निघालाय, दर महिन्याला गोळ्या आणायला एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) जावं लागतंय, म्हणून खाडे पडतायत. इकडे मॅनेजरनी आधीच सांगून ठेवलेलं, फार खाडे पडतायत याचे, हिशोब देऊन मोकळा करा. त्यांना आजार माहीतच नव्हता आणि मी सांगू पण शकत नव्हतो, त्या माणसाच्या परवानगीशिवाय सांगणं कायद्यातच बसत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, नुसता एचआयव्ही आहे म्हणून कोणाला काढता येत नाही. आमच्याकडे शंभराच्या वर माणसं, म्हणजे तक्रार अधिकारी पण नेमायला हवा, तोही नव्हता.

कायदा सांगितला की शेठ वकिलाला फोन लावणार हे ठाऊक होतं, म्हणून कोणाचं नाव न घेता कागदावर हिशोबच मांडला. नवीन माणसाचा साच्यावर हात बसायला आमच्याकडे सहा महिने जातात, तोवर ब्लो होल (ओतलेल्या मालात हवेची पोकळी), रिजेक्शन, आणि त्याला शिकवायला एक जुना माणूस अडकतो तो वेगळाच. दुसऱ्या बाजूला काय, महिन्याला अर्धा दिवस, वर्षाचे सहा दिवस. पुढे तब्येत स्थिर झाली की गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम मिळतात, मग तेवढे पण नाही. औषध तर २००४ पासून सरकार फुकट देतंय! आफ्रिकेत बोट्सवानाच्या डेबस्वाना हिरे कंपनीनं २००१ मध्ये आणि अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीनं २००२ मध्ये कामगारांना स्वतःच्या पैशानं औषध द्यायचं ठरवलं, तेव्हा औषध महाग होतं तरी. आपल्याला फक्त सुट्टी द्यायचीय.

शेठ कागद बघून म्हणाले, कोण आहे रे तो? मी म्हटलं कोणी नाही, पॉलिसी करतोय. (खोटं बोललो, बोललो.)

पण नुसत्या एचआयव्हीसाठी सुट्टी ठेवली तर जो घेईल तो दुसऱ्या दिवशी अख्ख्या कँटीनला कळणार. त्यात चार महिने गेले. शेवटी सगळ्यांसाठीच ठेवला, शुगर, बीपी, टीबी, पोराचं लसीकरण, कशालाही पगारी हाफ डे, कारण विचारायचं नाही. मॅनेजर म्हणाले सगळे रोज दवाखान्यात जाऊन बसतील. तसं काही झालं नाही. नवीन भरतीच्या मेडिकलमध्ये लॅबनी एचआयव्ही टेस्ट पण लावलेली सापडली, कोणाला न विचारता, ती पण काढायला लावली.

तक्रार अधिकारी म्हणून माझंच नाव बोर्डावर लागलंय. तो माणूस कामावर आहे, ओव्हरटाईम पण करतो. हाफ डे सगळ्यात जास्त घेतात ते शुगरवाले, आणि त्यात आमचे मॅनेजर एक नंबरला.